भांडता भांडता आलिंगन

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली, की चकली-लाडवांबरोबर एक ताकीदही वाढली जाते: 'आज धर्म नको आणि राजकारणही नको!' हल्ली तर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही हीच पाटी लागलेली असते. मग माणसे पावसापाण्याच्या गप्पा मारून हात धुतात. घरात शांतता राहते खरी. पण ती मुक्यांची शांतता. बोलूनही टिकणारी शांतता कशी असते हे पाहावयाचे असेल, तर वाचकहो, एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' अवश्य वाचावा.

सोळाव्या शतकातली ही रचना. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी मुसलमानी अमलात देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, असे परंपरा सांगते. त्यामुळे यातली दोन माणसे कवीने कल्पिलेली असली, तरी त्यांची बोली त्याच्या कानांवरून गेलेली असली पाहिजे. तुर्क दखनी वळणाच्या हिंदुस्थानीत बोलतो, हिंदू मराठीत बोलतो, आणि दुभाष्यावाचून दोघांचे छान जमते.

'संवाद' म्हटल्यावर कोणी गुळमुळीत गोडवा अपेक्षील, तर त्याची निराशा होईल. तुर्क अवतारकथांवर आणि मूर्तिपूजेवर सरळ घाव घालतो. हिंदू उलट विचारतो, की ईश्वर सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का? पुढे तो सत्तेच्याच मर्मावर बोट ठेवतो: हिंदूला धरून मुसलमान करता, तर त्याला हिंदू म्हणून घडविताना ईश्वर चुकला काय? धर्म आणि राजकारण येथे एकाच ताटात वाढलेले आहे. तरीही शेवटी दोघे एकमेकांना वंदन करून आलिंगन देतात.

हे साधले कसे? माझ्या मते त्याचे मर्म शब्दांच्या सौम्यपणात नाही. शब्द तर झोंबणारेच आहेत. मर्म आहे ते जागा न सोडण्यात. दोघांपैकी कोणीही वाद टाकून उठून जात नाही. तुर्काला पुराणे ठाऊक आहेत, हिंदूला नमाज ठाऊक आहे. ज्याच्या घरावर टीका करावयाची, त्या घरात निदान एकदा तरी डोकावलेले असावे, एवढी सभ्यता दोघांपाशी आहे. आपल्याकडचे वाद बहुधा याच ठिकाणी फिसकटतात. समोरच्याविषयी आपल्याला असते ती केवळ ऐकीव माहिती, आणि आवाज मात्र स्वतः पाहून आल्यासारखा!

या रचनेत एक उणेही आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. दोन्ही तोंडांतून बोलते ती लेखणी एकाच बाजूची आहे. ईश्वरापाशी जातपात नाही, या निष्कर्षावर दोघे येतात. पण त्या निष्कर्षाची वाट नाथांच्याच अंगणातून जाते. एखाद्या मुसलमान कवीने हा वाद लिहिला असता, तर आलिंगन कदाचित तेच राहिले असते. पण वाट दुसरी असती. परक्याचे म्हणणे आपण स्वतःच मांडून स्वतःच मिटविणे हा मोह मोठमोठ्यांनाही सुटत नाही.

असे असूनही मी या रचनेला थोर मानतो, याचे कारण नाथांनी प्रतिपक्षाला दुबळे केलेले नाही. तुर्काचे प्रश्न असे आहेत, की हिंदू श्रोत्यालाही क्षणभर उत्तर सुचू नये. पुष्कळ लेखक विरोधकाच्या तोंडी मुद्दाम पोकळ वाक्ये घालतात आणि मग त्याला लोळवून टाळ्या घेतात. नाथांना टाळ्या नको होत्या. त्यांना माणूस हवा होता.

समोरच्याची बाजू त्याला स्वतःला पटेल इतक्या ताकदीने मांडता येणे, ही शांतपणे बोलण्याची पहिली पायरी आहे. ती चढल्यावर आवाज थोडा चढला, तरी काही बिघडत नाही.