हात बांधलेला नट

२०२३च्या ऑगस्टअखेरीस बेंगळुरूत जयनगरच्या बस डेपोत पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ कुणाला न कळवता येऊन उभे राहिले. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपातली माणसं हातातलं काम टाकून धावली. पाहुण्यांनी सगळ्यांना हात जोडले, फोटो काढू दिले आणि आले तसे निघून गेले. ‘जेलर’ लागून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी हेच गृहस्थ इथल्या बीटीएसच्या बसमध्ये तिकिटं फाडत होते. नाव शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत. वडील रामोजीराव पोलीस कॉन्स्टेबल, घर हनुमंतनगरला, घरातली भाषा मराठी. मी जयनगरातच राहतो आणि ही बातमी मला रात्री टीव्हीवर कळली. सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाला शोभेल असंच झालं म्हणायचं.

रजनीकांतच्या अभिनयाबद्दल आमच्या भागात एक घरगुती उपपत्ती प्रसिद्ध आहे. सिगारेट उडवून ओठांत झेलणं, गॉगल गरकन फिरवून डोळ्यांवर चढवणं, हे सगळं बसमधून आलं. माधवन पार्कात सकाळी भेटणारे एक निवृत्त कंडक्टर मला नेहमी तो हात करून दाखवतात. नोटा उभ्या घडी घालून डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत, तळव्यावर तिकिटांचा गठ्ठा, उजव्या अंगठ्याने तिकीट फाडायचं, त्याच हाताने सुट्टे पैसे द्यायचे, आणि बसचा गचका आला की पाठ खांबाला. तोंडाने ‘होल्डान’ आणि ‘रैट रैट’ चालूच. करून दाखवून झालं की ते हसतात. ‘आमचे सगळ्यांचे हात असेच चालायचे हो. मग आम्ही सगळे रजनी झालो का?’

प्रश्न रास्त आहे. एखाद्या नटाचा हात कसा घडला हे खरं तर त्याच्या दिग्दर्शकांनी सांगायला हवं. रजनीकांतबद्दल बोललेले दिग्दर्शक काही कमी नाहीत. पुस्तकं आहेत, मुलाखती आहेत, समारंभांतली भाषणं तर मोजू नयेत इतकी. गेलं वर्षभर मी ती चाळतो आहे आणि नव्वद टक्के ठिकाणी एकच माणूस भेटतो: वेळेआधी सेटवर येणारा, स्पॉटबॉयला नावाने हाक मारणारा, यश डोक्यात न जाऊ दिलेला. तो माणूस खरा असेल, नव्हे आहेच. पण कॅमेरा सुरू झाल्यावर त्याने काय केलं, कितव्या टेकला काय बदललं, कशाला ‘नाही’ म्हटलं, हे विचारलं की आठवणी अचानक आटतात.

यात आपण मराठीवाल्यांनी नाक मुरडण्यासारखं काही नाही. निळू फुल्यांबद्दल आपण काय सांगतो? पडद्यावरचा खलनायक बघून गावाकडच्या बायका त्यांना शिव्या घालायच्या. हा किस्सा मी तरी पन्नासदा ऐकलाय. पण ‘सामना’त हिंदुराव धोंडे पाटील मास्तरांशी बोलताना आवाज चढवत नाही, उलट खाली नेतो, आणि तिथेच डॉ. लागूंच्या मास्तरला आपली चढी पट्टी सापडते, ही जी दोघांची देवाणघेवाण आहे ती कशी बसवली गेली, याचा किस्सा होत नाही. आपल्याकडे नटाची आठवण काढणं म्हणजे त्याचं चारित्र्य प्रमाणित करणं. कामाचं काय ते ज्याने त्याने पडद्यावर बघून घ्यावं.

म्हणून मी एक साधी कसोटी लावायला लागलो. दिग्दर्शकाने नटाला काय दिलं ते ऐकायचं नाही. त्याच्याकडून काय काढून घेतलं, ते बघायचं.

के. बालचंदर यांनी पहिल्यांदा नाव काढून घेतलं. मद्रासमध्ये एक शिवाजी, गणेशन, आधीच होते. म्हणून आपल्या ‘मेजर चंद्रकांत’मधल्या एका पात्राचं रजनीकांत हे नाव त्यांनी या पोराला चिकटवलं. गंमत अशी की गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळालं ते अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केल्यामुळे. म्हणजे तमिळ नट महाराजांचं काम करून शिवाजी झाला आणि जन्मनाव शिवाजी असलेल्या गायकवाडाला ते खुंटीला टांगावं लागलं. त्यानंतर भाषा. तमिळ शीक, असं बालचंदर यांनीच सांगितलं. १५ ऑगस्ट १९७५ला आलेल्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये त्याला जेमतेम काही मिनिटं मिळाली. दाढी वाढलेला, कोट चुरगळलेला एक माणूस फाटकाची दोन्ही दारं ढकलून उभा राहतो, आणि बालचंदर पडद्यावर अक्षरं उमटवतात: श्रुतिभेद. सूर बिघडवायला आलेला माणूस. नटाच्या पहिल्याच प्रवेशाला दिग्दर्शकाने दिलेला याहून नेमका शेरा माझ्या पाहण्यात नाही. पुढे बालचंदर यांनीही शिष्याविषयी बोलताना वडीलकीच सांभाळली. खरी समीक्षा त्या चौकटीत लिहून झाली होती.

आमच्या चौथ्या ब्लॉकच्या शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांच्या नावाचं थिएटर होतं. इमारत पाडली, थिएटर गेलं. या पुट्टण्णांनी १९७६च्या ‘कथा संगम’मध्ये, आंधळ्या मुनितायीचा गैरफायदा घेणाऱ्या गावगुंडाच्या कामाला रजनीकांतला घेतलं होतं. कन्नड सिनेमातलं हे पहिलं काम, आणि त्यात नायकपणाचा मागमूस नाही.

महेंद्रन यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. ‘मुळ्ळुम मलरुम’ हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, १९७८चा. कॅमेरा बालू महेंद्र यांचा, संगीत इळैयराजांचं. निर्मात्याला नायक म्हणून हा काळा, खलनायकी चेहऱ्याचा नट नको होता. महेंद्रन अडून बसले. तोवर रजनीकांतचे हात लोकांच्या तोंडी बसले होते. ‘मूण्ड्रु मुडिच्चु’पासून सिगारेट उडत होती. महेंद्रन यांचा काळी हा वीजप्रकल्पावरचा विंच चालवणारा गडी. पहिल्या अर्ध्यात ते हात भरपूर दिसतात: यंत्राचा दांडा ओढणारे, बहिणीच्या डोक्यावरून फिरणारे, इंजिनियरशी बोलताना मुद्दाम कमरेवर ठेवलेले. मग कामावरून निलंबित झालेला काळी दारू पिऊन रस्त्यात पडतो आणि लॉरी हातावरून जाते. ज्या अवयवासाठी प्रेक्षक तिकीट काढत होता तोच दिग्दर्शकाने मध्यंतराच्या आसपास कापून टाकला.

त्यानंतरचा रजनीकांत मी तीन-चारदा मागे-पुढे करून पाहिला. सदऱ्याची रिकामी बाही लोंबते आहे आणि उरलेला हात काय करावं हे न कळल्यासारखा वागतो. बहिणीला जवळ घेतो तेव्हा तिला पुरता वेढा पडत नाही, आणि ते उणेपण तो खांद्याने भरून काढतो, अंग थोडं तिरपं करून. संवाद इतके कमी की तमिळ न येणाऱ्यालाही अडत नाही. शेवटी बहीण वरातीतून मागे फिरून भावाकडे येते, आणि एवढ्यावरच तो तिला तिच्या इंजिनियरकडे जाऊ देतो, पण इंजिनियर मला अजूनही आवडत नाही हे बजावून. हृदयपरिवर्तन नाही. चित्रपट पाहून बालचंदर यांनी शिष्याला कौतुकाचं पत्र लिहिलं. पुढे अनेक वर्षांनी एका मंचावर त्यांनी त्याला विचारलं की तुझा आवडता दिग्दर्शक कोण, तर गुरूच्या समोर उत्तर आलं: महेंद्रन. ‘सिनेमावुम नानुम’ हे महेंद्रन यांचं पुस्तक आहे. पण त्यांची खरी आठवण ती रिकामी बाही आहे, असं माझं मत.

एस. पी. मुत्तुरामन यांनी या नटाबरोबर पंचवीस चित्रपट केले. ‘आरिलिरुंदु अरुबदु वरै’ सोडला, तर त्यांच्याबद्दल इथे थांबण्यासारखं फार नाही. पंचवीस चित्रपटांत जे जमतं ते घडी बसवणं असतं.

मणिरत्नम यांनी १९९१च्या ‘दळपती’त कपडे काढून घेतले. २०२२ साली ‘पोन्नियिन सेल्वन’च्या समारंभात रजनीकांतनेच हे रंगवून सांगितलं. आपण झोकात मेकअप करून, चकचकीत पोशाखात तयार, आणि दिग्दर्शकाला हवी साधी विटकी वस्त्रं आणि पायात चप्पल. शिवाय ‘मनातून येऊ द्या’ म्हणून सारखे टेक. शेवटी कमल हासनला विचारलं. त्याने युक्ती दिली: मणीलाच करून दाखवायला सांग, बाजूला जाऊन विचारात पडल्याचं सोंग कर, मग तसंच करून टाक. सभागृह लोटपोट हसलं. मला मात्र हा किस्सा गंभीर वाटतो, कारण मोठ्या ताऱ्याने मी अडलो होतो असं कबूल केल्याचं उदाहरण विरळा. अडल्याचं फळही चित्रपटात दिसतं. देवळाच्या आवारात सूर्या आणि त्याला जन्मतःच टाकून दिलेली आई एकमेकांना न ओळखता उभी आहेत, लांबून आगगाडीचा आवाज येतो, आणि तो नुसता ऐकतो. मान वळवण्याचीसुद्धा स्टाइल नाही.

इथवर माझी कसोटी छान चालते. सुरेश कृष्णा तिला खोटी पाडतात. ‘अण्णामलै’, ‘वीरा’, ‘बाशा’, ‘बाबा’ हे चार चित्रपट त्यांचे. २०१२ साली ‘माय डेज विथ बाशा’ हे पुस्तकही आलं. ताऱ्याला सगळं देऊन टाकणारा दिग्दर्शक म्हणजे हाच: ‘अण्णामलै’च्या आरंभी ठिपक्याठिपक्यांनी ‘सुपरस्टार’ लिहून दाखवण्याची पाटी त्यांचीच. तरीही कामाबद्दल सांगणारं या क्षेत्रातलं सर्वांत उपयोगी पुस्तक त्यांचंच निघावं, याचं मला जरा वाईटच वाटलं. ‘अण्णामलै’चा आधीचा दिग्दर्शक अगदी ऐनवेळी बाहेर पडल्यावर बालचंदर यांनी त्यांना बोलावलं. त्यात लेडीज होस्टेलात अंगावर साप चढण्याचा प्रसंग आहे. शॉट झकास झाला, सगळे खूश, आणि मागाहून कळलं की सापाचं तोंड शिवायचं राहूनच गेलं होतं. आपण ज्याला हसलो तो चेहरा अभिनय होता की काय होता, हे आता कोण सांगणार?

‘बाशा’ची हकीकत त्याहून मोलाची. मुकुल आनंदच्या ‘हम’साठी चर्चेत आलेला आणि न वापरलेला एक प्रसंग रजनीकांतने मनात जपून ठेवला होता; त्यातून बाशाची कथा उगवली. आणि त्यातला जो प्रसंग आजही थिएटर डोक्यावर घेतो, त्यात रिक्षावाला माणिक्कमला खांबाला बांधून भर वस्तीत मारतात. निर्मात्याला हे नको होतं. चाहते सहन करणार नाहीत ही भीती. सुरेश कृष्णा हटले नाहीत. रजनीकांत मार खातो आणि हसतो. ओठांच्या एका कोपऱ्यातलं, कुणाशीही न वाटून घेतलेलं हसू. हात पुन्हा एकदा काढून घेतले गेले होते, यावेळी दोरखंडाने. म्हणजे कसोटी खोटी पडली ती अर्धीच.

२०१८चा ‘काला’ मराठी माणसाने वेगळ्या डोळ्यांनी पाहावा. पा. रंजित यांनी धारावीत रजनीकांतला तिरुनेलवेलीहून आलेल्या तमिळ वस्तीचा म्होरक्या केलं आणि समोर पांढऱ्या कपड्यांतला, भूमिपुत्रांची भाषा करणारा नाना पाटेकर बसवला. त्या दोघांच्या समोरासमोरच्या प्रसंगात घरी मराठी बोलणारी दोन माणसं तमिळमधून भांडताहेत की मुंबई कुणाची, आणि उपरा ठरलाय तो गायकवाड. रंजित यांना यातलं किती अभिप्रेत होतं कुणास ठाऊक. मराठी चित्रपट काही गायकवाडांच्या नावावर नाही. तेव्हा सध्या एवढ्यावरच आपण समाधान मानायचं.

आताच्या दिग्दर्शकांची अडचण निराळी. ‘पेट्टा’चे कार्तिक सुब्बराज असोत की ‘जेलर’चे नेल्सन, ही मंडळी लहानपणी शिट्ट्या मारत मोठी झाली. त्यांच्या मुलाखतीत आठवण सुरू होते ती सेटवर नाही, कुठल्यातरी टॉकीजच्या पुढच्या रांगेत. समोर नट उभा असताना त्यांना स्वतःचं बालपण दिसतं. ‘जेलर’मध्ये मुत्तुवेल पांडियन बराच वेळ स्तब्ध असतो, भोवतालची माणसं पटापट पडतात आणि तो चष्म्याआडून बघतो. लोक याला संयम म्हणाले. पण काळीचं थांबणं त्याच्यावर लादलेलं होतं, त्याला ते सोसत नव्हतं. इथे सगळा चित्रपटच त्याच्या वतीने हलतो. ‘पेट्टा’त महेंद्रन स्वतः नट म्हणून दिसतात, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, एप्रिल २०१९मध्ये, ते गेले. एकाच चित्रपटात जुनी आणि नवी रीत शेजारी उभी होती, आणि नव्याने जुन्याला काही विचारलं असेल तर ते छापून आलेलं मला तरी सापडलं नाही.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त कंडक्टरांना घरी बोलावून ‘मुळ्ळुम मलरुम’ लावला. त्यांनी तो पूर्वी पाहिला होता, पण कथा विसरले होते. विंचचे प्रसंग त्यांनी मन लावून पाहिले, दांडा ओढायची पद्धत बरोबर आहे म्हणाले. मग लॉरी आली. रिकामी बाही पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, नकळत डावा हात उचलून बोटं पसरली, बेचक्यांत नोटा धरतात तशी, आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘आता हा तिकीट कसं फाडणार हो?’