इतिहासनिष्ठ प्रतिकृती की कूटवस्तू? : कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या पुनःसंस्करणाची चिकित्सा

अमेरिकन यादवी युद्धाची (१८६१-६५) शताब्दी जवळ येऊ लागली तशी त्या युद्धातील शस्त्रांच्या प्रतिकृतींना मागणी निर्माण झाली. इटलीच्या ब्रेशिया प्रांतात, शतकानुशतके बंदूकनिर्मितीवर जगणाऱ्या खोऱ्यात, आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये कारखाना स्थापन केला. कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती हे त्यांच्या आरंभीच्या उत्पादनांपैकी एक होय. काळ्या बंदुकीच्या दारूवर चालणारी ही शस्त्रे युद्धप्रसंगांचा पुनराभिनय करणाऱ्यांच्या कमरेला आजही दिसतात. मात्र नळीवरील इटालियन निर्मात्याचे नाव, 'केवळ काळी दारू' ही इंग्रजी सूचना, चाचणीगृहाचे शिक्के आणि मुठीवरील चकचकीत लेप चोखंदळ अभ्यासकास खटकतात. या खुणा घासून काढणे, धातूला पुन्हा रंग देणे, नळीवर सॅम्युअल कोल्टचा पत्ता उमटविणे अशी एक स्वतंत्र कारागिरी त्यातूनच उदयास आली.

या कारागिरीचे मूल्यमापन बहुधा हस्तकौशल्याच्या अंगाने केले जाते. तिचे ऐतिहासिक सत्याशी असलेले नाते मात्र उपेक्षित राहते. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मूळ शस्त्राचा सांगाडा हाडांच्या व लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडविला जाई. त्यातून पृष्ठभाग कठीण होई आणि निळ्या-तपकिरी छटा उमटत. रसायनांनी आणलेला रंग केवळ त्या छटांची नक्कल करतो. जुनी प्रक्रिया पुन्हा योजणारा कारागीर एकोणिसाव्या शतकातील उत्पादनपद्धतीच समजून घेतो, आणि हे ज्ञान ग्रंथांतून सहजी मिळत नाही. फिरत्या नळकांड्यावरील चित्रही तितकेच बोलके आहे. टेक्ससच्या नौदलाची १८४३ ची कांपेचेजवळील लढाई ऑर्म्सबी या खोदकाराने त्यासाठी रेखाटली. प्रतिकृतीत ती उथळ उतरली, तर अलंकरणाचा एक दस्तऐवजच पुसट होतो.

दोष आहे तो कृत्रिम जुनेपणात. आम्लाने रंग उडवून, कडा झिजवून रिव्हॉल्व्हर 'अस्सल' दिसू लागते. परंतु १८६२ मधील सैनिकाच्या हाती नवे शस्त्र होते, दीडशे वर्षांची झीज नव्हती. येथे युद्धकाळाचे नव्हे, तर संग्रहालयातील कपाटाचे अनुकरण होते. याउलट, पितळी सांगाड्याची .४४ व्यासाची '१८५१ नेव्ही' कितीही निगुतीने संस्कारित केली तरी व्यर्थच, कारण कोल्टने तसे शस्त्र कधी बनविलेच नाही. पितळी सांगाडा जॉर्जियातील ग्रिसवोल्ड आणि गनिसन यांच्या दक्षिणी रिव्हॉल्व्हरचा, आणि तेही .३६ व्यासाचे. (चित्रपटांनी हा गोंधळ वाढविला आहे. १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'त १८६२ च्या सुमारास धातूच्या काडतुसांवर चालणारे 'नेव्ही' दिसते. प्रत्यक्षात रॉलिन व्हाइटच्या एकस्वाची मुदत १८६९ मध्ये संपेपर्यंत कोल्टला तो मार्ग मोकळा नव्हता.)

सर्वांत गंभीर प्रश्न पुढील पिढीचा आहे. आधुनिक खुणा पुसलेली प्रतिकृती मूळ मालक जाणतो. त्याच्या वारसास वा लिलावातील ग्राहकास ती माहिती असेलच असे नाही. कारागिराचा हेतू निर्मळ असला तरी वस्तू खोटी साक्ष देऊ लागते, आणि त्याची झळ अस्सल शस्त्रांच्या अभ्यासालाही लागते. अनुक्रमांक व चाचणीचे शिक्के यांना कायद्याचेही संरक्षण असल्यामुळे त्यांना हात न लावणे योग्य. उर्वरित बदलांबाबत, मुठीच्या लाकडाआड, खोलल्यावरच दिसेल अशा जागी, कारागिराचे नाव व वर्ष कोरले तर बाह्य स्वरूपास बाध येत नाही; ज्या कारागिरास हेही नकोसे वाटते, त्याच्या इतिहासनिष्ठेविषयी शंका घेण्यास जागा उरते.