घुमट आणि कमळ

बेळगावहून धारवाडच्या वाटेला लागले की हलग्यापाशी सुवर्णसौध दिसतो. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सीमावासीयांचे त्याच्याशी असलेले भांडण क्षणभर बाजूला ठेवून मी त्याच्याकडे निव्वळ वास्तू म्हणून पाहतो. तरी मन भरत नाही. घुमट, खांबांच्या रांगा, तो सारा डौल बेंगळुरूच्या १९५६ सालच्या विधानसौधावरून घेतलेला. तिथे केंगल हनुमंतय्यांची जिद्द होती: पाश्चात्य घाटाऐवजी द्राविडी दगडात बोलायचे. इथे त्या जिद्दीची नुसती नक्कल आहे. राज्य एक आहे हे ठसवण्याच्या घाईत वास्तुकाराचा आवाज हरवला, आणि या मातीचाही.

कोणी म्हणेल, मास्तर मराठी, म्हणून असे बोलतात. मग किल्ल्यातली कमलबसदी पाहा. रट्टांच्या राजवटीत १२०४ साली बिचिराज या मंत्र्याने ती बांधवली. देवस्थान जैनांचे, शिलालेख कन्नड. मराठीपणाचा तिथे संबंधच नाही. पण मंडपात उभे राहून मान वर करा. छतातून खाली उमललेले ते दगडी कमळ! बसदीचा घाट परंपरेचा, साऱ्या समाजाचा. कमळाच्या पाकळ्या मात्र कुणा अनामिक शिल्प्याच्या बोटांच्या. सहलीला आलेली मराठी आणि कन्नड मुले तिथे सारखीच गप्प होतात.

आणि आपण? गावोगावच्या आपल्या सिमेंटच्या कमानी तरी कुठे वेगळ्या? सगळ्या एकाच साच्यातल्या. त्या उभारताना निपाणकरांच्या वाड्याकडे कुणी एकदा तरी निरखून पाहिले होते का?