रमाबाईंचे बायबल आणि शब्दांचे सोवळे

मूलतत्त्ववादी आणि सनातनी सुवार्तावादी दोघेही शास्त्रवचन निर्दोष मानतात. पण मतभेद होताच पहिले वेगळी चूल मांडतात, दुसरे सहवास जपतात. पंडिता रमाबाईंच्या ठायी या दोन्ही वृत्ती दिसतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन आले. पुढे काही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. बाईंनी त्या दानाचा अव्हेर केला नाही, सक्तीही केली नाही. मात्र हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलमध्ये (१९२४) हिंदू तत्त्वज्ञानाचा गंध असलेले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. भाषा खेडुत स्त्रियांना सुगम झाली, पण सोवळ्यात अडकली. फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) ‘वैकुंठ’ निःशंकपणे स्वीकारले. आपण शब्दांबाबत उदार, बाई माणसांबाबत. ते औदार्य आपण केव्हा शिकणार?