ग्रेहॉकचे पुनरुज्जीवन

जगाचा आकार छापखान्यातील कागदाच्या आकारावरून ठरावा, ही गोष्ट ऐकायला थोडी विपरीत वाटते. पण ग्रेहॉकच्या बाबतीत ती तशीच घडली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्सने एका खेळासाठी कल्पिलेल्या जगाचा नकाशा प्रसिद्ध करावयाचे ठरवले, तेव्हा मोठ्यात मोठा कागद केवढा छापता येईल याची त्याने आधी चौकशी केली, आणि तशा दोन तावांवर मावेल एवढे जग बसून काढले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. डार्लीन या चित्रकर्तीने त्या नकाशाला जे रूप दिले ते आजही डोळ्यांत भरते. 1980 साली तो नकाशा आणि सोबत 32 पानांची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तेच हे ग्रेहॉक.

खेळाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली बाहेर आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपले पात्र काय करील ते इतर जण बोलून दाखवतात. यशापयशाचा प्रश्न आला की फासे टाकतात. आपल्याकडील दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरलेला, संवाद मात्र नटाने उभ्या उभ्या रचावयाचे. त्या जातीचाच हा प्रकार, फक्त येथे समोर प्रेक्षक नाही. हे आख्यान ज्या भूमीवर घडते तिचे वर्णन करणारी पुस्तके हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच झाला आहे. तो कादंबरी नव्हे, प्रवासवर्णन नव्हे, गॅझेटियरही नव्हे. पण गॅझेटियरच्या फार जवळचा.

1980 ची ती पुस्तिका आज वाचताना प्रथम निराशा होते. राज्यामागून राज्य येते. राजाचे नाव, राजधानी, लोकसंख्या, खनिजे, आणि मग चार-दोन ओळींचा इतिहास. गायगॅक्सची भाषा जड, जुनाट शब्दांनी लगडलेली, मधूनच विक्षिप्त. परंतु हळूहळू ध्यानात येते, की हा कोरडेपणा हेतुपूर्वक राखलेला आहे. सुएल आणि बाक्लुनिश या दोन महासत्तांनी एकमेकींचा नाश केला. एकीने दुसरीवर एक अरिष्ट आवाहन करून सोडले, दुसरीने उत्तरादाखल वर्णहीन अग्नीचा पाऊस पाडला. आणि नकाशाच्या नैर्ऋत्येला उरला तो धुळीचा समुद्र. ते पहिले अरिष्ट कसले होते हे पुस्तिका सांगत नाही. त्या धुळीखाली काय आहे हे ज्या त्या टेबलावरील सूत्रधाराने ठरवावयाचे. अशा जगाचे मोल त्यात जे सांगितले आहे त्यापेक्षा जे राखून ठेवले आहे त्यात अधिक असते, असे मला वाटते. पुनरुज्जीवनाचा सारा प्रश्न येथेच येतो. कारण जे लिहिलेले नव्हते त्याचे पुनरुज्जीवन कसे करावयाचे?

पुढील इतिहास करुण आहे, आणि किंचित हास्यास्पदही. 1986 साली गायगॅक्स आपणच स्थापन केलेल्या संस्थेतून बाहेर पडला. ग्रेहॉक मात्र संस्थेकडेच राहिले. 1988 साली त्याने आपल्या कादंबरीमालिकेच्या शेवटच्या भागात त्या जगाचा नाश करून टाकला, आणि त्याच वर्षी संस्थेने ‘कॅसल ग्रेहॉक’ हे पुस्तक काढले. ज्या किल्ल्याच्या तळघरांत हा खेळ वाढला त्याचे दर्शन व्हावे म्हणून वाचक वर्षानुवर्षे थांबले होते. हाती आले ते निव्वळ विडंबन! बापाने मुलाचे श्राद्ध घालावे आणि शेजाऱ्यांनी त्याच दिवशी त्याचे सोंग काढावे, तसे हे झाले. 1991 साली संस्थेने या जगात एक महायुद्ध घडवून आणले आणि 1992 च्या ‘फ्रॉम द ॲशेस’मध्ये कार्ल सार्जंटने त्या युद्धानंतरचा काळवंडलेला प्रदेश रंगवला. ते लेखन सामर्थ्याचे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यात राजे मेले, राज्ये बुडाली, आणि या घटना सूत्रधाराला न विचारता घडल्या. ज्याच्या टेबलावर तोच राजा जिवंत होता त्याने काय करावे?

2024 च्या नोव्हेंबरात सूत्रधारांसाठी जो नवा मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्यात ग्रेहॉकवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय एका आकड्यात आहे : 576. त्या जगाच्या कालगणनेतील हे वर्ष, म्हणजे 1980 च्या पुस्तिकेतले आणि 1983 च्या पेटीतलेही. मधली युद्धे, राखरांगोळी, सारे पुसून काटे मागे फिरवले आहेत. हा स्मरणरंजनाचा सोपा मार्ग आहे असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. ज्या वर्षी सारे काही घडण्याच्या बेतात आहे आणि काहीच घडलेले नाही, ते वर्ष निवडणे हेच या लेखनप्रकाराचे मर्म ओळखणे होय.

पण रिकामी जागा आणि उणीव यांत फरक आहे, आणि पुनरुज्जीवन करणारे तो पुष्कळदा विसरतात. माइक कारच्या एका जुन्या पुस्तिकेत भुयारातील प्रत्येक खोलीचे वर्णन बारकाईने केलेले असून तेथे कोणता राक्षस आणि कोणता खजिना ठेवावयाचा ते नवशिक्या सूत्रधाराने यादीतून निवडून भरावयाचे होते. ही रिकामी जागा. (2018 साली गुडमन गेम्सने ती मूळ स्वरूपात आणि सोबत नव्या नियमांत, एकाच ग्रंथात छापली. जुन्या वळणाच्या खेळाडूने पुढली पाने उघडावीत, नव्याने मागली. दोघांचा मान राखण्याची ही रीत मला फार आवडली.) याच्या उलट 2022 चे ‘स्पेलजॅमर’. ताऱ्यांमधून फिरणाऱ्या गलबतांचे हे जग जेफ ग्रब याने 1989 साली रचले. नव्या पेटीत प्रत्येकी 64 पानांची तीन पुस्तके आहेत, चित्रे देखणी आहेत, आणि गलबतांच्या झुंजीचे नियम मात्र ओझरते! येथे काही राखून ठेवलेले नाही. येथे द्यावयाचेच राहून गेले आहे.

पुसून टाकणे सर्वस्वी वाईट, असेही मी म्हणणार नाही. ‘रेव्हनलॉफ्ट’मधील भटक्या व्हिस्तानी लोकांचे चित्र युरोपातील रोमा समाजाविषयीच्या जुन्या अपसमजांवर उभे होते, 2021 च्या आवृत्तीत ते बदलले, ते योग्यच झाले.

ग्रेहॉककडे परत येतो. नव्या प्रकरणाविषयी माझी तक्रार त्याच्या भाषेची आहे. ते प्रकरण सूत्रधाराला जग कसे रचावे याचा नमुना म्हणून घातले आहे, आणि नमुना म्हटला की गद्य मास्तरी होते. कोणते संघर्ष मुख्य हे तेथे आधीच नेमून दिले आहे : आयुझची सत्ता, पंचमहाभूतांतील दुष्ट शक्ती, ड्रॅगन. गायगॅक्सच्या विक्षिप्त वाक्यांत वाचकाला अडखळावे लागे, आणि अडखळताना तो स्वतः काहीतरी कल्पू लागे. येथे अडखळण्याची सोय नाही. जागा रिकामी ठेवली आहे खरी, पण तिच्या दारावर ‘येथे कल्पना करा’ अशी पाटी लावली आहे.

आणि आणखी एक मंडळी आहेत, ज्यांचा विचार या 576 ने केलेला नाही. 2000 ते 2008 या काळात ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ या नावाने एक विराट खेळ चालला. ग्रेहॉकमधील एकेक राज्य प्रत्यक्षातील एकेका प्रांताला किंवा देशाला वाटून दिले होते, आणि तेथील खेळाडू मिळून आपल्या राज्याचा इतिहास पुढे नेत होते. त्यांची आठ वर्षे आता ‘अजून घडावयाची’ आहेत. त्यांपैकी कोणी आज पुन्हा टेबलाभोवती बसला आणि सूत्रधाराने 576 सालचा राजा सिंहासनावर बसवला, तर त्या राजाचे पुढे काय झाले हे त्याला ठाऊक असेल, आणि खेळ रंगावा म्हणून त्याला गप्प बसावे लागेल.