शास्त्रीय विषयांचा शोध आणि पोथ्यांच्या सूची : एक परीक्षण

गेल्या पावसाळ्यांत भूजलाचा अभ्यास करणारे एक तरुण गृहस्थ आमच्याकडे आले होते. जमिनीच्या पोटांतील पाण्याविषयीं आपल्या पूर्वजांनीं काय लिहून ठेविलें आहे, तें त्यांस पाहावयाचें होतें. त्यांनीं एका ग्रंथालयाची सूची संगणकावर चाळली होती. ‘जल’, ‘कूप’, ‘भूजल’ असे शब्द घालून पाहिले होते. आणि जलाशयोत्सर्गाचे कांहीं विधि व एकदोन स्तोत्रें एवढेंच हातीं आल्यामुळें आपल्याकडे या विषयावर ग्रंथच नाहींत, असा सिद्धांत बांधून ते आले होते. आम्हीं त्यांच्यापुढें वराहमिहिराची बृहत्संहिता ठेविली व तींतील दकार्गल नांवाचा अध्याय काढून दिला. कोणत्या वृक्षाच्या कोणत्या दिशेस, किती पुरुष खोलीवर, कोणत्या रंगाची माती लागल्यावर पाणी लागावें, याचें तेथें सविस्तर विवेचन आहे. गृहस्थांनीं विचारलें, “हा ग्रंथ सूचींत कोठें आहे?” आम्हीं म्हटलें, “ज्योतिषांत.” ते हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

सूचींत खोटें असें कांहींच नव्हतें. वराहमिहिर ज्योतिषी होता, संहिता हा ज्योतिषाचा एक स्कंध आहे, तेव्हां ग्रंथ ज्योतिषांत नोंदणें यथायोग्यच होय. तरी ज्याला तो हवा होता त्याला तो मिळाला नाहीं. ज्या सूचींवर आम्हीं जन्मभर भिस्त ठेविली, त्यांचेंच या दृष्टीनें एकवार परीक्षण करावें, असें त्या दिवसापासून मनांत होतें.

संस्कृत हस्तलिखितांच्या सूचींचा आधुनिक इतिहास पाहूं लागल्यास थिओडोर ऑफ्रेक्ट यांच्या ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ या ग्रंथास अग्रमान द्यावा लागतो. १८९१, १८९६ व १९०३ या सालीं लाइप्झिग येथें त्याचे तीन भाग प्रसिद्ध झाले. तोंपर्यंत छापलेल्या अनेक सूची एकत्र करून ग्रंथ व ग्रंथकार यांचीं नांवें एका वर्णानुक्रमांत गोंवण्याचें हें काम एकट्या माणसानें केलें, हें मनांत आणिलें म्हणजे मस्तक नम्र होतें. पुढें मद्रास विद्यापीठानें १९३५ सालीं त्याची नवी आवृत्ति करण्याचें कार्य अंगावर घेतलें व १९४९ त तिचा पहिला खंड काढिला. इकडे मुंबई सरकारनें १८६६ च्या सुमारास सुरू केलेल्या पोथीशोधांतून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन प्रभृतींनीं जो संग्रह जमविला, तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१८ पासून आहे. आणि त्याच्या वर्णनात्मक सूचींचे खंड शास्त्रवार निघालेले आहेत.

या सूचींच्या दोन जाती सहज दिसतात. एक नांवांची, दुसरी शास्त्रांची. नांवांच्या सूचीचा उपयोग ज्याला नांव आधींच ठाऊक आहे त्याला. शास्त्रांच्या सूचीचा उपयोग ज्याची शंका एकाच शास्त्राच्या कुंपणांत मावते त्याला. परंतु ज्याची शंका विषयाची आहे आणि तो विषय चार शास्त्रांत विखुरलेला आहे, त्याला दोहोंपैकीं एकही दार उघडत नाहीं. आणि आमच्या जुन्या विद्येंत आज ज्याला विज्ञान म्हणतात तें बहुधा असेंच विखुरलेलें आहे. यज्ञवेदीचें क्षेत्रफळ कसें साधावें हें भूमितीचें ज्ञान शुल्बसूत्रांत, म्हणजे कल्पाच्या कपाटांत. मनुष्यदेहांतील ३६० अस्थींची गणना याज्ञवल्क्यस्मृतींत, प्रायश्चित्ताध्यायांतील यतिधर्मप्रकरणांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या कपाटांत. हर्नले यांनीं १९०७ सालीं प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर ग्रंथ लिहितांना या स्मृतीची साक्ष चरकाच्या बरोबरीनें घेतली, हें सर्वश्रुत आहे. केवळ वैद्यकाची यादी पाहून ते थांबते, तर ही साक्ष त्यांच्या हातीं आली नसती.

याहून बोधप्रद उदाहरण आमच्या महाराष्ट्रांतलेंच आहे. तें थोडें विस्तारानें सांगतों.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा अधिकारी होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ सर्व सूचींत संगीत या सदराखालीं असतो, आणि तो तेथेंच असावा. परंतु त्याच्या पहिल्याच अध्यायांत पिंडोत्पत्तीचें प्रकरण आहे. गर्भाची वाढ, शरीराचीं अंगें, धातु, नाडी यांचें तेथें वर्णन आहे. नाद देहांत उत्पन्न होतो म्हणून आधीं देह सांगितला पाहिजे, हा ग्रंथकाराचा क्रम. शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता. वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यानें संगीताची यादी उघडण्याचें कारण काय? आणि न उघडली तर त्यास हें प्रकरण सांगणार कोण?

त्याच अध्यायांत पुढें तानांचें प्रकरण येतें. सात स्वरांचे क्रम किती प्रकारांनीं बदलतां येतात, याचें उत्तर ५०४०. यांपैकीं अमुक क्रमांकाची तान कोणती, आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, हें सर्व ताना न लिहितां काढण्यासाठीं खंडमेरु नांवाचें अंकांचें कोष्टक दिलेलें आहे. पहिल्या प्रश्नास नष्ट व दुसऱ्यास उद्दिष्ट म्हणतात. आतां छंदःशास्त्राच्या अभ्यासकास हे शब्द नवे नाहींत. पिंगलाच्या परंपरेंत लघुगुरूंचा प्रस्तार मांडतांना हेच नष्ट व हेच उद्दिष्ट येतात. मेरुही येतो, जरी त्याची रचना निराळी आहे. भास्कराचार्यांनीं लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) याच जातीच्या गणितास अंकपाश असें नांव दिलें, आणि नारायण पंडिताच्या गणितकौमुदींत (इ. स. १३५६) अंकपाशाचा मोठा विस्तार आहे. म्हणजे एकच विद्या छंद, संगीत व गणित अशा तीन कपाटांत राहते, आणि कोणत्याही कपाटाच्या यादींत दुसऱ्या दोहोंचा पत्ता नाहीं.

यांत इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें जो शिलालेख आहे व जो डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ त प्रसिद्ध केला, त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचें व त्यास शके ११२८ मध्यें दान मिळाल्याचें सांगितलें आहे. हा चांगदेव सिंघणाचाच ज्योतिषी. एकाच राजाच्या आश्रयास एकीकडे अंकपाश शिकविणारें कुल व दुसरीकडे खंडमेरु मांडणारा संगीतकार! या दोहोंचा कांहीं संबंध होता काय? असलाच पाहिजे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हा प्रश्न विचारण्यापुरते तरी लीलावतीच्या टीका व रत्नाकराच्या पोथ्या एकत्र ठेविल्या पाहिजेत. त्यांत नांवाच्या सूचीचा आणखी एक चकवा असा कीं, शार्ङ्गदेवाच्या आजोबांचेंही नांव भास्करच. मात्र ते काश्मीराहून दक्षिणेंत आलेले निराळे गृहस्थ. नुसत्या नांवावर विसंबणाऱ्याची येथें काय गत होईल, तें सांगावयास नको.

अलीकडच्या कामांत डेव्हिड पिंग्री यांचा संस्कृतांतील गणित-ज्योतिष ग्रंथांचा महाकोश विशेष उल्लेखनीय आहे. १९७० पासून १९९४ पर्यंत त्याचे पांच खंड अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथून निघाले. प्रत्येक ग्रंथकाराचा काल, कुल, ग्रंथ, आणि प्रत्येक ग्रंथाच्या ज्ञात पोथ्या, त्यांचीं पत्रें व लेखनकाल, इतकी सामग्री दुसऱ्या कोणीं एकत्र केल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. यांतील मोठा लाभ हा कीं, एका ग्रंथाचीं अनेक नांवें कर्त्याच्या नांवाखालीं एकत्र येतात. नांदगांवच्या गणेश दैवज्ञाचें ग्रहलाघव (शके १४४२) कोठें सिद्धांतरहस्य या नांवानें असतें. भास्कराचार्यांचें करणकुतूहल कोठें ब्रह्मतुल्य म्हणून असतें. भोळा शोधक यांस दोन दोन ग्रंथ समजतो. पिंग्री यांचा वाचक तसा फसणार नाहीं.

तथापि या ग्रंथाच्या मर्यादाही सांगणें प्राप्त आहे. रचना कर्त्यांच्या वर्णानुक्रमानें असल्यामुळें ‘यंत्रांवरचे ग्रंथ कोणते’ अशा साध्या प्रश्नास पानन् पान चाळावें लागतें. ग्रंथकाराची कक्षा ज्योतिषाची. संगीत व वैद्यक तिच्या बाहेर. वैद्यकासाठीं मॉयलेनबेल्ड यांचा प्रचंड इतिहास (१९९९–२००२) आहे, परंतु तें दुसरें घर झालें, आणि दोन घरांच्या मधली भिंत तशीच राहिली. शिवाय पिंग्री २००५ सालीं निवर्तले व काम अपुरें राहिलें. एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेल्या सूचीचें हें भय नेहमींच असतें.

याच्या उलट पद्धतीचा नमुना कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा. पेशानें ते शिक्षक. त्यांचें ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ त प्रसिद्ध झालें. तें सूची नव्हे, इतिहास आहे. परंतु त्यांनीं ग्रंथ उघडून, गणित करून, मग नोंद केली, म्हणून सूचीपेक्षां अधिक कांहीं वाचकाच्या हातीं येतें. पिंग्री यांची व्याप्ति आणि दीक्षितांचें आंत शिरणें, हीं दोन्हीं एकत्र कशीं यावीं, हाच खरा प्रश्न होय.

उत्तराचा मार्ग एका गणिताच्या अध्यापकानेंच दाखविला आहे. शि. रा. रंगनाथन १९२४ त मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व १९३३ त त्यांनीं आपली द्विबिंदु-वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली. ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांशपद्धतींत प्रत्येक विषयास आधींच ठरलेलें घर असतें. रंगनाथन यांनीं विषयाचीं अंगें निरनिराळीं केलीं, आणि पुढें व्यक्ति, द्रव्य, क्रिया, देश व काल अशा पांच अंगांत त्यांची व्यवस्था लाविली. पुस्तक कपाटांत एकाच जागीं राहील, परंतु सूचींत त्याच्या जितक्या अंगांस वाचक येणार असेल तितक्या नोंदी असाव्या, हें त्यांच्या सूचिशास्त्राचें सार आहे. पोथ्यांस हें लावून पाहा. संगीतरत्नाकराची एक चिठी संगीतांत, एक शारीरांत, एक अंकपाशांत. बृहत्संहितेची एक ज्योतिषांत, एक दकार्गलाच्या नांवें भूजलांत, एक वृक्षायुर्वेदांत. यास नवीन विद्या नको. अध्यायांच्या पुष्पिका वाचण्याची तसदी मात्र पाहिजे.

कोणी म्हणेल, आतां संगणक आला, तो सर्व शोधील. संगणक लिहिलेलें शोधतो. न लिहिलेलें त्यास कोठून सांपडणार? त्यांतही गणेश हें नांव रोमन लिपींत तीन तऱ्हांनीं लिहिलेलें असतें, आणि एका तऱ्हेनें विचारल्यास दुसऱ्या दोन तऱ्हांच्या पोथ्या पुष्कळदां मुक्याच राहतात. २००३ सालीं राष्ट्रीय पाण्डुलिपि मिशन स्थापन झालें. २०२५ त ज्ञानभारतम् या नांवानें एक कोटीहून अधिक पोथ्यांच्या पाहणीचा व जतनाचा संकल्प जाहीर झाला. हा संकल्प अभिनंदनीय आहे. परंतु एक कोटी पोथ्यांच्या नोंदींत विषयाचा रकाना एकच राहिला, तर एक कोटी पोथ्या एकदांच नोंदल्या जातील व पुन्हां कोणी उघडणार नाहीं. कारण सूचींत नाहीं तें जगांत नाहीं, असें मानण्याची संवय आम्हां सर्वांस लागली आहे.

हें आम्ही परक्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका परिचित घराण्याच्या पोथ्यांची यादी आम्हींच केली. दोन दिवसांत रुमाल संपवावयाचे होते. एका बाडांत सुटीं आठदहा पत्रें होतीं. एका पत्रावर पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत गेलेला अंकांचा त्रिकोण होता. आम्हीं क्षणभर पाहिला आणि लिहिलें, ‘छंद, अपूर्ण, किरकोळ.’ पुढें त्या घरच्या मंडळींनीं वाडा विकतांना आमचीच यादी प्रमाण मानिली. चांगल्या म्हटलेल्या पोथ्या त्यांनीं एका संस्थेस दिल्या व किरकोळ म्हटलेल्या श्रद्धेनें नदींत सोडिल्या. त्यांचा यांत कांहीं अपराध नाहीं. त्या पत्रावरचा मेरु पिंगलाचा होता कीं शार्ङ्गदेवाचा, कीं कोणा अज्ञात अध्यापकाचा, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं पोथ्या आहेत व जे त्यांच्या याद्या करितात, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. ग्रंथाचीं जितकीं नांवें पोथींत आढळतील तितकीं सर्व लिहावीं. प्रत्येक अध्यायाची पुष्पिका उतरून घ्यावी. कोष्टक, आकृति, औषधाचा योग, मापें, जें जें दिसेल त्याची पत्रांकासह नोंद करावी, मग तें समजो वा न समजो. विषय एकच लिहिण्याचा आग्रह धरूं नये. आणि ‘किरकोळ’ हा शब्द यादींत घालण्यापूर्वीं, आपण जें पत्र हातांतून खालीं ठेवीत आहों तें पुन्हां उघडणारा कदाचित् कोणी नसेल, एवढें स्मरावें.