चानी : रानातली की अंगणातली?

चिं. त्र्यं. खानोलकरांची 'चानी' मी पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचली. आम्ही गुलबर्ग्याची माणसं, शहाबादी फरशीच्या उन्हात वाढलेली. तुरीचं शेत हेच आमचं रान. कोकणातल्या हिरवाईत हिंडणारी सोनेरी केसांची चानी मला परीकथेतली वाटली. परवा दुपारी पुन्हा वाचली आणि पुस्तक मिटून गप्पच बसले.

चानीच्या आईवर एका गोऱ्याने अत्याचार केला, त्यातून ही जन्मली. गुन्हा त्याचा, शिक्षा हिला. तिचं रंगरूपच गावाला खुपलं आणि गावाने तिला टाकलं. मग ती झाडापाखरांत रमली, की आपण 'निसर्गाशी एकरूप' म्हणून मोकळे होतो. मला आता ते पटत नाही. गावातली दारं बंद होती म्हणून ती तिकडे गेली. झाड बापाचं नाव विचारत नाही, एवढाच त्याचा आधार. 'ती रानचीच' असं म्हणून गावाने दार लावलं. वाचणाऱ्यानेही तेच म्हटलं तर आतून कडी घातल्यासारखं होतं.

खानोलकरांनी नावातच सांगून ठेवलंय बघा. कोकणात चानी म्हणजे खार. आमच्याकडे कानडीत तिला अळिलु म्हणतात. खार आपल्या अंगणात, कौलांवर, हातभर अंतरावर वावरते. तिला जवळ यायचं असतं, पण चाहूल लागली की पळते. चानीही तशीच. दिनूसारखा पोरगा न भिता तिच्याजवळ जातो, तेव्हा कळतं की तिला माणूसही हवाच होता.

१९७७ साली व्ही. शांतारामांनी यावर चित्रपट काढला, रंजना चानी झाली. पण पडद्यावर रूप आधी दिसतं, जखम मागाहून. पुस्तकातली जखम वाचणाऱ्याला सुटू देत नाही.

आमच्या गल्लीत एक बाई कडुलिंबाखाली बसून खारींशी बोलायची. पोरं तिला 'हुच्ची', म्हणजे वेडी, म्हणायची. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणारं आमचं घर. तिला ताटली जायची, पण पायरीच्या खाली. वेड लागलं म्हणून ती खारींशी बोलते, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्यातलं कुणीच तिच्याशी बोलत नव्हतं, हे परवा 'चानी' वाचताना ध्यानात आलं.